समुपदेशनात पीएचडी: विषय कुठून आणायचा, आणि आपल्याच केसेस वापरता येतात का?

निशिगंधा_मुलुंड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढू की नको असं चाललं होतं. इथे मानसशास्त्रवाले बरेच आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून शेवटी काढलाच.

मी मध्य उपनगरातल्या एका शाळेत समुपदेशक आहे. समुपदेशन मानसशास्त्रात एमए करून बरीच वर्षं झाली. आठवड्यातून दोन संध्याकाळी एका क्लिनिकमध्ये मोठ्या माणसांच्या केसेसही घेते. आता पीएचडी करावी असं डोक्यात आहे. नवरा म्हणतो "आता कशाला?" आणि सासूबाई म्हणतात "करून टाक". आमच्याकडे सगळं उलटंच आहे.

प्रश्न तीन.

पहिला विषयाचा. ज्या गाइडना भेटले त्यांच्याकडे विषय तयारच असतात. 'किशोरवयीन विद्यार्थ्यांमधील ताण, आत्मसन्मान आणि समायोजन: एक तुलनात्मक अभ्यास.' यात मुलगे-मुली काढून शहरी-ग्रामीण घातलं की पुढच्या विद्यार्थ्याचा विषय तयार. मला खरं कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. दहावीच्या वर्षात जी मुलं माझ्याकडे येतात, त्यातली बरीच तिसऱ्या-चौथ्या सेशननंतर यायची बंद होतात. भांडण नाही, तक्रार नाही. कॉरिडॉरमध्ये भेटली की छान हसतात, पण खोलीत येत नाहीत. का, ते मला कळून घ्यायचं आहे.

दुसरा. माझ्या कपाटात इतक्या वर्षांच्या फाइली आहेत. नावं काढून टाकली तर तो डेटा म्हणून वापरता येईल ना?

तिसरा. पीएचडी झाल्यावर नावाआधी डॉ. लागतं हे ठीक. पण थेरपी करण्याच्या दृष्टीने काही वेगळा अधिकार मिळतो का? घरी आणि शाळेत सगळ्यांचा समज तोच आहे.

कुंपणावरचा_सरडा

रुमाल टाकून ठेवतो.

लोकल_डबा

एमएच्या चौथ्या सेमिस्टरला आहे, त्यामुळे जखम ताजी आहे. नवीन शैक्षणिक धोरणात आम्हाला पहिल्या सेमिस्टरला संशोधनपद्धतीचा पेपर, तिसऱ्यात ४ क्रेडिटचा आणि चौथ्यात ६ क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट आहे. कागदावर झकास. प्रत्यक्षात काय होतं? वर्गातले सगळे गूगल फॉर्म बनवतात आणि एकमेकांचे भरतात. माझ्या मैत्रिणीचा विषय 'मुंबईतील तरुणांमधील चिंता'. तिचं सॅम्पल म्हणजे आमच्या चार व्हॉट्सॲप ग्रुपमधली मुलं, त्यातही बहुतेक मानसशास्त्राचीच. प्रश्नावली उघडताक्षणी त्यांना कळतं की ही जीएडी-७, म्हणजे चिंता मोजायची सात प्रश्नांची प्रश्नावली आहे, आणि १० गुण झाले की चिंता जास्त धरतात. त्या हिशोबाने ती टिकमार्क करतात.

थेरपीबद्दल दोन वर्षांत खूप शिकलो. थेरपीवर संशोधन कसं करतात हे मात्र कुणी दाखवलं नाही. निशिगंधाताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं.

आकडेमोड

मी मानसशास्त्रवाला नाही. संख्याशास्त्र शिकवत आलो, आणि पीएचडीची मुलं शेवटच्या महिन्यात 'सर, एवढं एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) लावून द्या' म्हणत ज्याच्याकडे येतात तो प्राणी मीच.

प्रश्नावल्यांना नावं ठेवायची फॅशन आहे म्हणून आधी त्यांची बाजू मांडतो. १९५२ साली हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने लेख लिहिला की मज्जाविकृतीच्या (न्यूरोसिस, म्हणजे चिंता-भीतीसारख्या त्रासांच्या) रुग्णांपैकी साधारण दोनतृतीयांश लोक दोनेक वर्षांत सुधारतात, थेरपी घेतली काय अन् नाही घेतली काय. सगळ्या धंद्यावरच बॉम्ब टाकला. त्याला उत्तर 'आम्हाला अनुभवाने माहीत आहे' असं देऊन चाललं नसतं. ते मिळायला २५ वर्षं गेली. १९७७ला स्मिथ आणि ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र करून दाखवलं की थेरपी घेतलेला सरासरी माणूस न घेतलेल्यांपैकी ७५ टक्क्यांपेक्षा बऱ्या अवस्थेत असतो. त्यावरही पुढे वाद झाले, पण आज तुम्ही लोक उजळ माथ्याने फी घेता त्यामागे ही आकडेमोड आहे.

आता निशिगंधा यांचा प्रश्न. 'मुलं का थांबतात' याच्या आधी 'किती थांबतात आणि कधी' हा प्रश्न येतो. 'तिसऱ्या-चौथ्या सेशननंतर' हे तुम्ही आठवणीवरून म्हणता. आठवण लबाड असते, लक्षात राहिलेली मुलंच मोजते. तुमच्याकडे हजेरीवही असेलच. कुठलं मूल कुठल्या तारखेला आलं, एवढंच त्यातून काढा. आत काय बोललं त्याची गरज नाही. याला सर्व्हायव्हल ॲनालिसिस म्हणतात. नाव भयंकर आहे कारण ते 'रुग्ण किती काळ जगला' यासाठी जन्माला आलं, पण 'क्लायंट किती सेशन टिकला' यालाही तंतोतंत लागू पडतं. त्यातली महत्त्वाची मेख अशी की मार्चमध्ये दहावी संपून जो मुलगा शाळेतूनच गेला, तो 'थांबला' असं धरायचं नाही. आपल्या नजरेआड झाला एवढंच धरायचं. हा फरक केला नाही तर सगळा निष्कर्ष बोंबलतो, आणि मी पाहिलेल्या निम्म्या प्रबंधांत केलेला नसतो.

शुभदा_ठाणे

आकडेमोड, हजेरीवहीची कल्पना फार छान आहे. ही मला सुचली नसती.

निशिगंधा, मी गेली अनेक वर्षं थेरपी आणि शिकाऊ थेरपिस्टचं सुपरव्हिजन असं दोन्ही करते, पीएचडीही मुंबईतच नोकरी सांभाळून केली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि नावं काढून ते बदलत नाही.

त्या मुलांनी तुमच्यापाशी जे सांगितलं ते मदत मिळावी म्हणून सांगितलं. नोंदी तुम्ही केल्यात, पण त्या मदतीच्या कामासाठी केल्यात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम २३ गोपनीयतेचा हक्क रुग्णाला देतं. शाळेतलं समुपदेशन त्या कायद्याच्या चौकटीत किती बसतं यावर वकील भांडतील, पण आपण भांडायचं कारण नाही. शिवाय नाव काढलं म्हणजे ओळख पुसली जाते असं मुंबईतल्या शाळेत तरी होत नाही. 'वडील रेल्वेत, आई गेलेली, आत्याकडे राहणारी, कबड्डीत जिल्ह्यापर्यंत गेलेली दहावीतली मुलगी.' तुमच्या शाळेतला शिपाईसुद्धा नाव सांगेल.

आणि एक अडचण याहून मोठी आहे. तुम्हाला ज्या मुलांबद्दल कुतूहल आहे ती यायची थांबली आहेत. त्यांच्याबद्दल फाइलीत काय असणार? ती का थांबली ते तुम्हाला दिसलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं, आणि मग हा प्रश्नच पडला नसता. त्यांना विचारावं लागेल. तुम्ही विचारलंत तर ती म्हणतील, "मॅडम, क्लास होता." कारण खरं कारण कदाचित तुमच्या खोलीशीच निगडित असेल, आणि कुठलं सालस मूल ते तोंडावर सांगेल?

म्हणजे मुलाखती दुसऱ्या शाळांमध्ये, दुसऱ्या समुपदेशकांकडे गेलेल्या मुलांच्या घ्याव्या लागतील. तिथे तुम्ही फक्त संशोधक. 'मी समुपदेशक नाही, तुझ्या मॅडमना यातलं काही कळणार नाही' हे मुलाला पटेल अशा भाषेत आधी सांगायचं.

विषयाला दिशा हवी असेल तर एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञापासून सुरुवात करा. १९७९ साली त्यांनी मांडलं की थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्यातल्या कामाच्या नात्याला तीन पाय असतात: कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपसातला जिव्हाळा. यावरून पुढे हे नातं मोजायच्या प्रश्नावल्या निघाल्या. पण शाळेत या पहिल्या पायाचं काय होतं बघा. आईला मार्क हवेत. वर्गशिक्षिकेला मूल गप्प बसायला हवंय. मुख्याध्यापकांना तक्रार नको. मुलाला काय हवं ते बहुतेक वेळा दुसऱ्या सेशनपर्यंत कुणी विचारलेलंच नसतं. आपला जिव्हाळा शंभर टक्के आणि उद्दिष्ट दुसऱ्याच कुणाचं! कॉरिडॉरमधलं ते हसू तिथून येत असेल. हा माझा अंदाज आहे. अंदाज खरा की खोटा हे काढणं म्हणजे तुमची पीएचडी.

निशिगंधा_मुलुंड

शुभदाताई, वाचून थोडा वेळ गप्प बसले. शिपाईकाकांबद्दल तर शंभर टक्के.

पण एक शंका राहतेच. फाइली तांत्रिकदृष्ट्या शाळेच्या आहेत. मुख्याध्यापकांनी लेखी परवानगी दिली, आणि मी जुन्या, म्हणजे शाळा सोडून गेलेल्या मुलांच्याच फाइली घेतल्या तर? आमच्या इथे एका ओळखीच्या बाईंनी असंच केलं आणि त्यांना पदवी मिळाली.

डॉ_खडूस

मी सायकियाट्रिस्ट, पालिकेच्या रुग्णालयात. एथिक्स कमिटीवर, म्हणजे संशोधनात माणसांवर अन्याय होत नाही ना हे आधी तपासणाऱ्या समितीवर बसलो आहे, त्यामुळे लोक मला का टाळतात ते माहीत आहे.

मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे शाळेच्या फाटकातून आत यायची परवानगी. मुलाची संमती ती नव्हे. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा, मोफत मिळतात, आणि त्यात सामाजिक व वर्तनशास्त्रीय संशोधनाचा वेगळा विभाग आहे. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागतेच, शिवाय मुलाचा स्वतःचा होकार लागतो. ७ ते १२ वयात तोंडी, १२ ते १८ लेखी. पालक हो म्हणाले आणि मूल नाही म्हणालं, तर नाही. मागच्या नोंदी संमतीशिवाय वापरायची सूट देण्याची तरतूद आहे, पण ती सूट कमिटी देते. संशोधक स्वतःच स्वतःला देत नाही. एक्स-रे फिल्म आणि समुपदेशनाच्या नोंदी यांना आम्ही एकाच तराजूत तोलणार नाही, हे आधीच सांगतो.

बरेच कला शाखेचे विद्यार्थी 'आम्ही इंजेक्शन देत नाही, आम्हाला कमिटी कशाला' म्हणतात. म्हणून कमिटी असते कशी ते सांगतो. ७ ते १५ सदस्य, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, एक कायदा जाणणारा, एक समाजशास्त्राकडचा, आणि एक साधा माणूस, म्हणजे ज्याचा वैद्यकाशी संबंध नाही असा. सगळ्यात अवघड प्रश्न हा शेवटचा सदस्य विचारतो. एकदा किशोरवयीन मुलांच्या मुलाखतींचा प्रस्ताव आला होता. आम्ही डॉक्टर लोक सॅम्पलवर कीस काढत बसलो. आमच्याकडच्या बाई म्हणाल्या, "मुलगी रडायला लागली तर त्या दिवशी तिला घरी कोण सोडणार?" प्रस्तावात उत्तर नव्हतं. परत पाठवला. सहा आठवड्यांनी आला तेव्हा त्यात सगळं होतं: मुलाखत कधी थांबवायची, शाळेतल्या कुठल्या मोठ्या माणसाला कळवायचं, पुढच्या मदतीची वेळ आधीच ठरवलेली, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापलेलं कार्ड. माझ्या मते त्या सहा आठवड्यांत त्या विद्यार्थिनीचं जेवढं प्रशिक्षण झालं तेवढं अख्ख्या कोर्सवर्कमध्ये झालं नसेल.

आणि पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. मुलाखतीत लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर २०१२च्या कायद्याच्या कलम १९प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. 'संशोधनात सगळं गोपनीय राहील' असं संमतीपत्रात लिहून मोकळे होऊ नका. काय गोपनीय राहणार नाही हे मुलाला सुरुवातीलाच, त्याने तोंड उघडण्याआधी सांगायचं. यामुळे काही मुलं बोलणार नाहीत. नाही बोलली तर नाही बोलली.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. पीएचडी ही संशोधनाची पदवी आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) होते, त्यासाठी त्यांनी मान्यता दिलेलं, देखरेखीखाली काम करून घेणारं वेगळं शिक्षण लागतं. वर्षानुवर्षं ते दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल होतं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२च्या नियमांत एमफिल बंद केलं, मग क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कपुरती २०२५-२६पर्यंत मुदत वाढवली. समुपदेशकांसाठी २०२१चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात समुपदेशक आणि क्लिनिकल सोडून बाकीचे सायकॉलॉजिस्ट येतात. नावाआधी डॉ. लागल्यावर लोक गोळ्या लिहून मागतील, तेव्हा हसून नाही म्हणायची तयारी ठेवा.

नाक्यावरचा_पुणेकर

मुंबईत संशोधनासाठी शांत खोली मिळते का, यावरच आधी एक पीएचडी व्हावी.

खिडकीजवळची_सीट

पुणेकर, तुम्ही गमतीत म्हणालात पण मी ते अनुभवलं आहे. मी यातली तज्ज्ञ वगैरे नाही. काही वर्षांपूर्वी थेरपी घेत होते, आणि नंतर एका विद्यार्थिनीच्या अभ्यासात मुलाखत दिली. विषय होता थेरपी मध्येच सोडलेल्या बायका. धागा वाचून लिहावंसं वाटलं.

आमचं घर वन रूम किचन. घरी पाच माणसं. मुलाखत ऑनलाइन. तिने आधी फोन करून पहिला प्रश्न हा विचारला, की तुम्ही बोलाल कुठून? मी म्हटलं, गच्चीवरून. मग आम्ही ठरवलं की कुणी वर आलं तर मी "हो ना, भाव वाढलेत" म्हणायचं, आणि तिने लगेच भाजीबद्दल बोलायला लागायचं. दोनदा वेळ आली. एकदा शेजारच्या काकू पापड वाळत घालायला आल्या आणि आम्ही चांगली दहा मिनिटं गवारीवर बोललो. काकूही सामील झाल्या. नंतर त्या मुलीने सांगितलं की ती दहा मिनिटं तिने नोंदीत ठेवली आहेत, माझ्या परवानगीने, कारण एका बाईला स्वतःबद्दल बोलायला जागा कशी मिळवावी लागते ते त्यातच दिसतं.

पुढे तिने मला मुलाखतीचं सगळं लिखाण वाचायला पाठवलं. ते मला जड गेलं. आपलं बोलणं कागदावर फार उघडं दिसतं. एक परिच्छेद मी काढायला सांगितला, माझ्या भावाबद्दलचा. तिने का म्हणून विचारलं नाही, काढला. निशिगंधाताई, तुम्ही मुलांना असा कागद वाचायला देणार असाल तर कुणाच्या घरी, कुणाच्या मोबाइलवर तो उघडेल याचा आधी विचार करा.

माझी थेरपिस्ट चांगली होती. मी सोडली कारण तिथे जायला दोन गाड्या बदलाव्या लागायच्या आणि परत येईपर्यंत स्वयंपाकाची वेळ टळायची. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिला वाटलं असेल काहीतरी खोल असेल.

आकडेमोड

वरचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे.

तरीही शुभदाताईंना एक टोचणारा प्रश्न. अशा किती मुलाखती घेतल्या की पीएचडी होते? मी आठ जणांवर केलेला प्रबंध पाहिला आहे. आठ! आमच्याकडे आठ म्हणजे सरावाचं गणित.

शुभदा_ठाणे

विचारणार हे माहीतच होतं.

आठ जणांवरून 'मुंबईतली मुलं अशी असतात' म्हणता येत नाही, आणि म्हणणारा प्रबंध नापासच करायला हवा. पण आयपीए नावाच्या, थोड्या माणसांचे अनुभव खोलात समजून घेण्याच्या पद्धतीत प्रश्नच वेगळा असतो: या माणसाने या अनुभवाचा अर्थ कसा लावला? तिथे प्रत्येक मुलाखत आधी स्वतंत्रपणे, खोलात वाचतात. ५० मुलाखती घेतल्या तर तसं वाचणं शक्यच नाही. तुम्ही म्हणता तो 'किती आणि कधी' आणि मी म्हणते तो 'काय वाटलं' हे एकाच प्रबंधाचे दोन भाग होऊ शकतात. निशिगंधाच्या विषयाला तर मला तेच योग्य वाटतं.

माझा राग संख्येवर नाहीच. राग आहे तो गुणात्मक संशोधन म्हणजे सोपी पळवाट असं समजणाऱ्यांवर. दहा मुलाखती, ब्राउन आणि क्लार्क यांचा, मुलाखतींतून थीम म्हणजे समान सूत्रं कशी काढायची यावरचा २००६चा लेख संदर्भात टाकायचा, त्यातल्या सहा पायऱ्या जशाच्या तशा उतरवायच्या, आणि शेवटी 'थीम' म्हणून मुलाखतीतले प्रश्नच परत लिहायचे. 'थीम १: कुटुंबाची भूमिका.' अहो, तुम्ही कुटुंबाबद्दल विचारलंत म्हणून ते बोलले!

खरं शिक्षण ट्रान्सक्रिप्टमध्ये आहे. माझ्याकडे सुपरव्हिजनला येणाऱ्यांना मी एक सेशन, अर्थात क्लायंटची लेखी संमती घेऊन, रेकॉर्ड करून स्वतःच्या हाताने उतरवायला लावते. ॲपने नाही. आपली मराठी, मध्येच हिंदी, मध्येच इंग्रजी, त्यात कुकरची शिट्टी, हे ॲपला जमतही नाही. एका तासाच्या बोलण्याला सहा-आठ तास सहज जातात. थांबलेले सेकंद कंसात लिहायचे. 'अं', 'म्हणजे', अर्धवट सोडलेली वाक्यं, सगळं तसंच ठेवायचं.

अशाच एका उताऱ्यातलं सांगते, तपशील बदलून. बाई म्हणते, "तसं घरात कुणी काही बोलत नाही मला." मग कंसात ९ सेकंद. मग शिकाऊ थेरपिस्ट: "म्हणजे तुम्हाला एकटं वाटतं का?" बाई: "हो, तसंच." आणि पुढची चार मिनिटं मुलाच्या शाळेच्या बसबद्दल. त्या शिकाऊ थेरपिस्ट मुलीने नोंदीत लिहिलं होतं: 'क्लायंटने एकटेपणाची भावना व्यक्त केली.' रेकॉर्डिंग परत ऐकलं तर त्या नवव्या सेकंदाला बाईने श्वास आत घेतला होता. ती पुढे काहीतरी बोलणार होती. ते काय होतं हे आता कुणालाच कळणार नाही. 'एकटेपणा' हा थेरपिस्टचा शब्द, बाईने सभ्यपणे होकार दिला. यावरून कुणी संशोधन केलं असतं तर 'एकटेपणा' ही थीम म्हणून आली असती आणि प्रबंधात छापली गेली असती.

यात नवीन काही नाही. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४०च्या सुमारास ओहायोत सेशन्स तबकड्यांवर रेकॉर्ड करायला सुरुवात केली आणि १९४२ला एक अख्खी केस शब्दशः छापली. तोवर थेरपिस्ट सेशननंतर आठवून लिहायचे आणि तेच पुरावा म्हणून चालायचं. शेजारी गोव्यात 'संगत' या संस्थेने मानसिक आरोग्याचं व्यावसायिक शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं आणि नैराश्यावर ६ ते ८ सेशन्सचा उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेला. त्याचे निष्कर्ष २०१७ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्या समुपदेशकांचं प्रशिक्षणही असंच, रेकॉर्ड केलेली सेशन्स गटात ऐकायची आणि एकमेकांना गुण द्यायचे. आपल्या एमएच्या दोन वर्षांत किती ठिकाणी हे होतं? मुंबईसारख्या शहरात, जिथे देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टीआयएसएस) आहे, कलिन्याला विद्यापीठाचा विभाग आहे, चर्चगेटला एसएनडीटी आहे, कि. मो. फडक्यांनी अल्बर्ट एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांची, अविवेकी विचार बदलण्यावर भर देणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजवली, तिथे स्वतःचं सेशन ऐकण्याची सवय सार्वत्रिक का नसावी हे मला पटत नाही.

लोकल_डबा

आम्हाला रोल-प्ले रेकॉर्ड करायला लावतात. क्लायंट म्हणून बसलेला मित्र तिसऱ्या मिनिटाला बरा होतो.

चर्चगेट_सहा_बारा

कागदपत्रांचं कुणीच बोलत नाहीये म्हणून मी लिहितो. मी वेगळ्या विषयात पार्ट-टाइम पीएचडी करतोय, पण यूजीसीचे नियम तेच.

जून २०२४पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवरही पीएचडी प्रवेश मिळतो. फेलोशिपसाठी पात्र नसाल तर नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि ते गुण वर्षभरच चालतात. तुमचं विद्यापीठ काय मागतंय ते जाहिरातीत बघा. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिट. मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुन्हा नोंदणी करून वाढते, बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत. पार्ट-टाइमला नोकरीच्या ठिकाणची एनओसी (ना हरकत दाखला) लागते, आणि त्यात 'कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास कामातून मोकळीक देऊ' हे वाक्य लागतं. तिथेच गाडी अडते. शाळेला हे वाक्य लिहायचं नसतं. प्रवेश मिळाल्यावर नाही, अर्जाआधी मुख्याध्यापकांशी बोला.

गाइडबद्दल: प्राध्यापकाला एका वेळी ८, असोसिएटला ६, असिस्टंटला ४ विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे 'जागा आहे का' हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारायचा: सर किंवा मॅडम प्रकरण वाचून किती दिवसांत परत देतात? प्रबंध शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या वेबसाइटवर मिळतात. ज्या गाइडकडे जायचं त्यांच्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा आणि फक्त पद्धतीचं प्रकरण वाचा. दोन्ही प्रकरणं शब्दाशब्दाने सारखी निघाली तर काय ते समजा.

डॉ_खडूस

आणि गाइड स्वतः क्लायंट बघतात का हेही विचारा. न बघणारे वाईट असं नाही, पण निशिगंधाच्या विषयाला गाइडने कधीतरी रिकाम्या खुर्चीसमोर बसून वाट पाहिलेली असणं गरजेचं आहे.

निशिगंधा_मुलुंड

सगळ्यांचे आभार. सगळे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले आहेत.

सध्या असं दिसतंय: फाइली कपाटातच राहतील. आधी हजेरीवही, तीही कमिटीला विचारूनच. मग दुसऱ्या दोन-तीन शाळांतल्या, यायची थांबलेल्या मुलांच्या मुलाखती, आणि सोबत त्यांच्या समुपदेशकांच्याही. गाइड म्हणून एका बाईंचं नाव मिळालं आहे, पुढच्या आठवड्यात भेटते. खिडकीजवळची_सीट, तुमच्या दोन गाड्यांचं वाचल्यावर लक्षात आलं की आमच्या शाळेत समुपदेशनाची वेळ मधल्या सुट्टीत आहे. मूल आलं की त्याचा डबा राहतो. कुठल्याही प्रश्नावलीत हे आलं नसतं.

एनओसीतलं ते वाक्य शाळा देईल असं वाटत नाही. बघू.

शुभदा_ठाणे

समुपदेशकांच्या मुलाखती घेणार असाल तर मूल आणि त्याचाच समुपदेशक अशी जोडी लावू नका. प्रबंध वाचताना दोघं एकमेकांना ओळखतील.

आकडेमोड

निशिगंधा, हजेरीवहीत एक कॉलम आहे का बघा: मूल स्वतःहून आलं, की शिक्षकांनी पाठवलं, की पालकांनी. हा कॉलम नसेल तर माझं गणित अर्धं लंगडं.

निशिगंधा_मुलुंड

कॉलम आहे. पण तो गेली काही वर्षं शिपाईकाका भरतात, आणि सगळ्यांपुढे 'पाठवले' असंच लिहितात.

आकडेमोड

मग या जूनपासून तुम्ही स्वतः भरा. जुन्या नोंदींतून किती आणि कधी एवढंच काढू, कुणी पाठवलं ते नवीन वर्षाच्या नोंदींवरून. कमिटीच्या अर्जात दोन्ही वेगवेगळे दाखवा, नाहीतर डॉ. खडूस परत पाठवतील.

डॉ_खडूस

पाठवीनच.